मी न थांबवलेला ट्रॅक्टर

अप्पा, परवा मला शाल घातली. रस्ता सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम होता, बिदरहून मोठे साहेब आले होते, आणि माईकवर एकाने सांगितलं की ह्या मॅडमच्या गाडीच्या हद्दीत गेल्या कित्येक हंगामांत उसाच्या ट्रॉलीला पाठीमागून धडकून एकही माणूस गेलेला नाही. टाळ्या झाल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. तुमच्याबद्दल बोलायचं असं मी घरून ठरवून गेले होते, आरशापुढे उभी राहून म्हणूनही बघितलं होतं. माईक हातात आला आणि मी म्हटलं, हे सगळ्या स्टाफचं काम आहे, माझं एकटीचं नाही. खाली येऊन बसले आणि चहा प्यायले. आज माझी सुट्टी आहे. घरचे आपापल्या कामाला गेलेत, भांडी झाली, आणि मी स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या टेबलावर वही घेऊन बसलेय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्हाला कन्नड सरसर वाचता यायचं, मराठी अक्षरं मात्र एकेक करून लावायचात. तरी मराठीतच लिहिते, कारण घरात आपण हेच बोलायचो. कन्नडमध्ये मी आता फक्त रिपोर्ट लिहिते.

माझं काम नेमकं काय, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. लोकांना वाटतं, हायवे पेट्रोल म्हणजे झाडाखाली गाडी लावून दंड करणारी माणसं. दंड करतो, नाही असं नाही. पण दिवसाचा बराचसा वेळ रस्त्यावरचं काहीतरी उचलण्यात जातो. ट्रक बंद पडला की ड्रायव्हर मागे दगड लावतो, ट्रक दुरुस्त झाला की निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. ते आम्ही उचलतो. तुरीची काढणी झाली की लोक रस्त्यावरच शेंगा पसरतात, गाड्यांच्या चाकांनी आपोआप मळणी होते म्हणून. मोटरसायकलवाला त्यावरून घसरतो. मग तूर पसरणाऱ्या म्हातारीशी अर्धा तास भांडायचं आणि नंतर तिच्याबरोबर झाडू घेऊन तूर गोळा करायची. डोळे तांबारलेल्या ड्रायव्हरला खाली उतरवून तोंडावर पाणी मारायला लावायचं. बैलांच्या शिंगांना चमकणारी पट्टी बांधायची. माझे पहिले जमादार, ज्यांच्या हाताखाली मी शिकले, ते सांगायचे की रस्त्यावर कुणी कुणाला मारायला येत नाही, समोरचं दिसलं नाही म्हणून माणसं मरतात. आपलं काम दाखवायचं. मला ते तेव्हाच पटलं होतं. पटूनही मी जे केलं ते केलं.

तुम्ही मला ड्यूटीवर दोनदाच पाहिलंत, आणि तेही एकाच दिवशी.

त्याआधीचं थोडं सांगते, कारण ते आठवल्याशिवाय मला पुढचं लिहिता येत नाही. भरतीसाठी मी धावायची तयारी करत होते. खटकचिंचोळीच्या रस्त्यावर पहाटे अंधार असायचा आणि अव्वा एकटीला सोडायची नाही. तुम्ही मालकाचा ट्रॅक्टर कामाच्या आधी तासभर काढायचात, पहिल्या गिअरमध्ये माझ्या मागे चालवायचात आणि दिव्याचा उजेड माझ्या पायांपुढे पडायचा. मी दमून चालायला लागले की हॉर्न वाजवायचात. मालकाला डिझेलचं कळलं तेव्हा तो तुम्हाला चारचौघांत बोलला, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कुणाकडून तरी सायकल मागून आणलीत, हँडलला बॅटरी बांधलीत. मी भरती झाले. गावात पेढे वाटलेत. अव्वा म्हणाली होती, एवढं ऊर फुटेस्तोवर कुणी हसतं का.

आणि मग मी ट्रेनिंगहून आले, हायवेच्या गाडीवर लागले, आणि दुसऱ्या वर्षी आमच्याकडे नवे पीएसआय आले. तरुण होते, बेंगळुरूकडचे, चांगले बोलायचे. माझं अक्षर बघून म्हणाले, तू शिकलेल्या घरातली दिसतेस. वडील काय करतात, विचारलं. मी म्हटलं, शेती आहे आमची. किती, म्हणाले. मी म्हटलं, बारा एकर, विहीर आहे. हे का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी काही हिणवलं नव्हतं. ट्रॅक्टर ड्रायव्हर म्हटलं असतं तर ते बरं म्हणून पुढे गेले असते. पण एकदा बारा एकर तोंडातून गेले आणि मग ते मला सांभाळावे लागले. त्या विहिरीला मी मोटर बसवली, कडेने आंब्याची झाडं लावली. अप्पा, तुम्ही दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर उन्हात भाजत होतात आणि मी जीपमध्ये बसून तुम्हाला आंब्याच्या सावलीत बसवत होते.

त्या वर्षी कारखाने सुरू झाल्यावर हुकूम आला की पाठीमागे लाल रिफ्लेक्टर असल्याशिवाय उसाची एकही ट्रॉली हायवेवर सोडायची नाही. मन्नाएखेळ्ळीच्या अलीकडच्या फाट्यावर आमची गाडी उभी असायची. माझ्याकडे लाल पट्टीचा रोल, कात्री आणि ओलं फडकं. ट्रॉलीच्या फळीवर धूळ आणि उसाचा चिकटा बसलेला असतो, पुसल्याशिवाय पट्टी धरत नाही. पुसायचं, लावायचं, वरून लोंबणारं पाचट कापायचं म्हणजे पट्टी झाकली जाणार नाही, आणि जा म्हणायचं. एका ट्रॅक्टरला पाच मिनिटं लागायची. ड्रायव्हर शिव्या द्यायचे, कारण तेवढ्यात कारखान्यावर नंबर मागे पडतो.

दुपारचे चार वाजले असतील. जमादार पलीकडच्या बाजूला ट्रकवाल्याशी बोलत होते, पीएसआय सायब जीपमध्ये बसून लिहीत होते. मी लांबूनच ट्रॅक्टर ओळखला. मालकाने तुम्हाला यंदा ह्या बाजूच्या तोडीला लावलंय हे मला माहीत नव्हतं. दोन ट्रॉल्या, वर डोंगरासारखा ऊस, आणि तुम्ही. गळ्याखाली फाटलेलं बनियन आणि हातापायांवर काळा चिकटा. तुम्ही मला पाहिलंत. गाडी हळू केलीत आणि डोक्याचा टॉवेल सोडून पुन्हा बांधायला लागलात. मला वाटलं, आता हे उतरतील आणि माझ्या नावाने हाक मारतील. मागून सायबांनी विचारलं, ह्याची लावलीय का पट्टी. मी मागे न बघता कन्नडमध्ये म्हटलं, लावलीय सर, सकाळच्या खेपेलाच लावली. आणि तुम्हाला हात केला, पुढे चला म्हणून. जसा अनोळखी माणसाला करतात तसा.

तुम्ही थांबला होतात. क्षणभर माझ्याकडे बघितलंत. मग गिअर टाकलात आणि गेलात. दुसरी ट्रॉली माझ्यासमोरून गेली, तिची मागची फळी कोरी होती. माझ्या हातात पट्टीचा रोल होता.

मी पुढचा ट्रॅक्टर थांबवला, त्याची फळी पुसली आणि पट्टी लावली. त्याच्या पुढच्याचीही लावली.

दिवस मावळून थोडा वेळ झाला होता, अजून पुरता अंधार पडला नव्हता, तेव्हा वायरलेसवर कळलं की कारखान्याच्या अलीकडे मोटरसायकल ट्रॉलीला धडकली. आमचीच गाडी जवळ होती. कोणती ट्रॉली ते मला रस्ताभर माहीत होतं. चाक पंक्चर झालं म्हणून तुम्ही ट्रॅक्टर कडेला घेतला होता, पण उसाच्या दोन ट्रॉल्या कितीशा कडेला जाणार? चाकाला दगड लावून तुम्ही मागे हिरवी फांदी ठेवायला निघालाच होतात, तेवढ्यात तो आला. गवंडी होता, काम संपवून घरी चालला होता. मी उतरले तेव्हा तुम्ही रस्त्यावर मांडी घालून बसला होतात, त्याचं डोकं तुमच्या मांडीवर होतं आणि तुमचा टॉवेल त्याच्या गुडघ्याखाली आवळून बांधलेला होता. जमादारांनी मागे शंकू लावले, गाड्या एका बाजूने काढल्या. मी प्रथमोपचाराची पेटी उघडली. माझे हात चालत होते, ते शिकवलेलं काम करत होते. मग आपण दोघांनी त्याला उचलून जीपमध्ये ठेवलं. तुम्ही खांद्याकडून धरलं, मी कमरेकडून. उचलताना तुमचा हात माझ्या हाताखाली आला होता.

हेही लिहायलाच पाहिजे. जीप दवाखान्याकडे गेली, सायब आणि मी मागे थांबलो, आणि रोल माझ्या पिशवीतच होता. ट्रॉलीच्या मागे जाऊन एक पट्टी लावावी असं माझ्या मनात आलं. मी दोन पावलं गेलेसुद्धा. तिथे माणसं जमली होती म्हणून परत फिरले. चांगुलपणा वगैरे काही नव्हता त्यात.

सायबांनी बॅटरीचा उजेड फळीवर टाकला आणि विचारलं, हा आपल्या फाट्यावरून आला का? दुपारभरात इतके ट्रॅक्टर गेले होते की त्यांना एकही आठवत नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही पुढे झालात.

"फाट्यावरनं आलोच न्हाई सायेब," तुम्ही म्हणालात. "पट्टी लावाया येळ जातोय, नंबर मागं पडतोय, म्हणून वढ्याच्या वाटंनं आलो. पोलिसाची काय चूक न्हाई ह्याच्यात. चूक माझी हाय."

सायबांनी मला जबाब लिहायला सांगितला, माझं अक्षर चांगलं म्हणून. जीप परत आल्यावर बॉनेटवर कागद ठेवून मी विचारलं, नाव? तुम्ही पूर्ण नाव सांगितलंत, वडिलांच्या नावासकट, हळूहळू, मला लिहायला वेळ मिळावा असं. वय? धंदा? ड्रायव्हर, तुम्ही म्हणालात. मी लिहिलं. तपासणी चुकवण्याच्या हेतूने आडमार्गाने आलो, हे वाक्य माझ्या हातचं आहे, तुमचं नाही. खाली तुम्ही कन्नडमध्ये सही केलीत. माझ्या बिल्ल्यावर नुसतं माझं नाव होतं, बापाचं नाव त्यावर नसतं. त्या रात्री मला त्याचं बरं वाटलं.

त्या गवंड्याचा उजवा पाय गुडघ्याखालून काढला. तुमचं लायसन्स गेलं, मालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला. गावात तोंड दाखवायला नको म्हणून तुम्ही गुलबर्ग्याला डाळ मिलच्या गेटवर राखणीला राहिलात. मी घरी आले की तुम्ही नसायचात. अव्वाने सांगितलं की तुम्ही महिन्यातून एकदा येता, पण एसटीतून उतरलात की आधी त्या गवंड्याच्या गावाला जाता आणि मग घरी. तिथे काय करता, मी विचारलं. ती म्हणाली, बसतेत. त्याची लेकरं लहान हायेत, सरपण फोडून देतेत, कधी डाळीची चुरी नेतेत. तुझ्या बापाला कळायलंय का काही, ती म्हणाली, ज्याचा पाय गेला त्याच्या दारात दर महिन्याला कुणी जातं का. पण त्या घरातल्यांनी तुम्हाला कधी परत पाठवलं नाही.

मी मिलवर एकदाच आले. गुलबर्ग्याला बंदोबस्ताची ड्यूटी होती, संपल्यावर साधे कपडे घातले आणि तुमच्यासाठी एक स्वेटर घेतलं. सगळीकडे तुरीची पिवळी भुकटी बसली होती, तुमच्या भुवयांवरसुद्धा. गेटजवळच्या खोलीत तुम्ही स्टोव्हवर चहा केलात, स्वेटर अंगाला लावून बघितलंत, थंडी पडली की घालीन म्हणालात. मी म्हटलं, अप्पा, त्या दिवशी मी. तुम्ही म्हणालात, राहू दे. मग चहा पिऊन झाल्यावर, कप विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून तुम्ही स्वतःच बोललात.

"मला वाटलं तू मला थांबवशील. टॉवेल सोडून नीट बांधलो मी. सदरा होता सीटखाली, ते बी काढलो होतो. माझी पोरगी मला थांबवली, पट्टी लावली, असं सांगायचं होतं कारखान्यावर सगळ्याला."

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होते की तुम्हाला वाटलं असेल, पोरीने आपला नंबर वाचवला. तुम्हाला सगळं कळलं होतं. मी रडले, आणि रडता रडता म्हटलं की मी सायबांना जाऊन खरं सांगते.

"कामून?" तुम्ही म्हणालात. "माझी ड्रायव्हरकी गेली ती गेली. तू तुझी नोकरी कामून घालवायलीस? पाय येणार हाय का त्याचा?"

तुम्ही असं म्हणाल ह्याची मला येतानाच खात्री होती, अप्पा. म्हणूनच मी ते बोलले. बसस्टँडकडे चालताना मला सुटल्यासारखं वाटत होतं, भूकही लागली, आणि मी उभी राहून एक प्लेट चुरमुऱ्यांचा सुसला खाल्ला.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात, त्याच खोलीत, झोपेत. माती द्यायला तो गवंडी आला होता, कुबडी टेकत, मोठ्या मुलाला घेऊन. बायकांच्या घोळक्यातून मी त्याला बघितलं आणि मान खाली घातली.

तेव्हापासून मी एकही ट्रॉली तशी सोडलेली नाही. नव्या पोरांना वाटतं मॅडम फार कडक आहेत. मी ड्रायव्हरला खाली उतरवते, नाव विचारते, घरी कोण कोण आहे विचारते, पट्टी लावताना त्याला फळी धरायला लावते. स्टाफ कंटाळतो. त्याने रस्ता राखला जातो हे खरं, शाल उगाच मिळालेली नाही. पण मी ते कशासाठी करते हे शाल देणाऱ्यांना माहीत नाही, आणि पाचही मिनिटं मला प्रत्येक वेळी मोजून लागतात.

कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या गवंड्याच्या घरी गेले. साडी नेसून गेले. त्याने घरातच पिठाची गिरणी टाकलीय, बसून चालवता येते. मी ज्वारीचा डबा पुढे ठेवला, म्हणजे गिऱ्हाईक म्हणूनच गेले. दळण होईपर्यंत बाजेवर बसले. भिंतीला पिठाचा थर होता. मी म्हटलं, ट्रॅक्टरवाले अप्पा इथे यायचे ना. त्याने गिरणी बंद केली. तोंड पुसलं. म्हणाला, ते माणूस पुन्हा व्हायचं न्हाई. पहिल्याच दिवशी दवाखान्यात येऊन माझ्या उशाला उभं राहिले, म्हणाले, मी तपासणी चुकवून आडवाटेनं आलो, माझ्यामुळं झालं. एवढं खरं कोण बोलतंय अक्का आजकाल? मी त्यांना ओळखणार होतो का? लपवले असते तर लपलं असतं. मी माझ्या पोरांना सांगतो, चूक झाली तर त्या अप्पासारखं बोलायचं.

ज्वारीचं पीठ अजून गरम होतं, डबा हाताला ऊन लागत होता. त्याच्या बायकोने चहा आणला. सांगायला जागा होती, वेळही होता, तो माणूस ऐकायला बसला होता. मी चहा संपवला.

मग त्याने विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी म्हटलं, मुलगी. तुमच्याबद्दल असं परक्या माणसासमोर मी पहिल्यांदाच म्हटलं. तो हात जोडून उठायला लागला, कुबडी सापडेना, मी त्याला बसवलं. तोच म्हणाला, त्यांनी कधी सांगितलं न्हाई बघा पोरगी हाय म्हणून. काय करता तुम्ही?

मी म्हटलं, सरकारी नोकरी.

त्याने पुढे विचारलं नाही. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही, अव्वाला तर नाहीच. तुम्हाला सांगायला सोपं आहे, अप्पा. तुम्ही कुणाला सांगत नाही.